वजनाच्या सर्जरीआधी मानसशास्त्रज्ञांची भेट: तिथे सगळं खरं सांगितलंत का?

सावली_७ | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. दोन वर्षं नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

वय ४४, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४१, आठ वर्षांपासून मधुमेह, रात्री श्वासाचं मशीन लावून झोपते. वीस वर्षांत किती वेळा वजन उतरवलं आणि किती वेळा ते दामदुपटीनं परत आलं, त्याचा हिशेब ठेवणं सोडून दिलंय. शेवटी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे जठर लहान करण्याचं ऑपरेशन, करायचं ठरलं. सर्जननी तपासण्यांची यादी दिली: रक्त, एन्डोस्कोपी, हृदय, झोपेची तपासणी, आहारतज्ज्ञ. हे सगळं पटलं. अगदी तळाशी लिहिलं होतं, "मानसशास्त्रज्ञांची भेट व लेखी अभिप्राय". ते वाचून आत काहीतरी टोचलं. गुडघा बदलायला गेलेल्या माणसाला कुणी मन तपासून आणायला सांगत नाही. मग मलाच का?

तिथे नेमकं काय विचारतात? आणि त्यांनी नाही म्हटलं तर सर्जरी खरंच रद्द होते का?

अजून एक. एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. ती सांगितली तर नापास होईन अशी भीती वाटते. इथेही लिहायचा धीर होत नाहीये. तुमच्यापैकी ज्यांची ही भेट झाली आहे, त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं का?

चिमणपाखरू | मंगळवार, सकाळी ७:०५

मीही याच पायरीवर आहे. माझी तारीख अजून मिळायची आहे. लक्ष ठेवून आहे धाग्यावर.

दिवेलागण | मंगळवार, सकाळी १०:३०

सावली, माझं जठराचं बायपास (वजनासाठीचीच दुसरी सर्जरी) होऊन सहा वर्षं झाली. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, मी सगळं सांगितलं नव्हतं. आणि ते मला फार महागात पडलं.

माझी भेट दीड तास चालली. आधी तीन छापील प्रश्नावल्या भरून घेतल्या. मग बाई समोर बसल्या आणि पहिलाच प्रश्न आला, "वजन पहिल्यांदा वाढायला लागलं ते आठवतंय का? तेव्हा घरात काय चाललं होतं?" मी बारा वर्षांची असताना वडील गेले, त्याच वर्षी माझे सगळे कपडे बदलावे लागले होते. हे मला चांगलं आठवत होतं. मी म्हटलं, "विशेष काही नाही, अंगकाठीच तशी आहे." पुढे त्यांनी विचारलं, "पोट भरलेलं असतानाही थांबताच येत नाही, असं खाणं होतं का?" मी म्हटलं, नाही. होत होतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दार लावून, आणि नंतर स्वतःची किळस येईपर्यंत.

अहवाल चांगला आला. पहिल्या दीड वर्षात ४२ किलो उतरले. भूकच लागायची नाही, त्यामुळे वाटलं ते जुनं खाणंही संपलं. तिसऱ्या वर्षी नोकरीत त्रास सुरू झाला आणि हात पुन्हा डब्याकडे गेला. एका वेळी खूप खाता येत नाही, म्हणून थोडं थोडं, दिवसभर. आईस्क्रीम, दुधात भिजवलेली बिस्किटं, जे जे आपोआप विरघळतं ते. लहान झालेल्या पोटालाही ते अडत नाही. सुरुवातीला गोड खाल्लं की धडधड, घाम, आडवं पडायची वेळ यायची. पुढे पुढे शरीर तेही सोसायला शिकलं. १७ किलो परत आले.

त्याच बाईंकडे परत गेले. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तेव्हा कळलं असतं तर ऑपरेशन थांबवलं नसतं, पण त्याच्या आधीपासून आपण दोघी यावर काम करत असतो." त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. जे लपवलं त्यानं माझं ऑपरेशन वाचलं नव्हतंच. फक्त मदत तीन वर्षं उशिरा मिळाली.

मध्यमा | मंगळवार, दुपारी ३:१५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, अकरा वर्षं वजनाच्या सर्जरीच्या, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक टीमबरोबर काम करते. इथलं लिहिणं म्हणजे कुणा एकाला दिलेला वैद्यकीय सल्ला नाही, पण त्या खोलीत काय चालतं ते नक्की सांगू शकते.

ही पद्धत आली कुठून ते आधी. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं तज्ज्ञांची परिषद घेऊन या सर्जरीचे निकष ठरवले: बीएमआय ४० किंवा अधिक, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत वजनामुळे झालेला गंभीर आजार. त्याच निवेदनात म्हटलं होतं की रुग्णाचा विचार सर्जननं एकट्यानं करू नये. वैद्यक, आहार आणि मानसोपचार जाणणाऱ्यांनी मिळून करावा. २०२२ मध्ये चयापचय आणि बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून निकष बदलले. आता ३५ च्या वर सोबतच्या आजाराची अट नाही, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार होतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासूनच. वजनाची अट सैल झाली, मनाची बाजू पाहायची शिफारस मात्र टिकून राहिली.

मी सुरुवात एका साध्या वाक्यानं करते: "तुमचं ऑपरेशन मला तुमच्या शब्दांत सांगा." बरेच जण "पोट लहान करतात" इथेच थांबतात. मग मी सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. त्यानंतर बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर. पहिले काही दिवस फक्त पातळ पदार्थ. जेवताना पाणी नाही, घास बारीक, जेवण सावकाश. हे ऐकून समोरचं माणूस एकदम गप्प झालं की मी घाई करत नाही. बहुतेकदा त्यानंतरच खरं बोलणं सुरू होतं.

मग खाणं. "काय खाता" हे आहारतज्ज्ञ विचारतात, मी "कसं आणि कधी" ते विचारते. ताबा सुटल्यासारखं खाणं, म्हणजे बिंज इटिंग, हा २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र आजार मानला जातो. आठवड्यातून किमान एकदा आणि तीन महिने, अशी त्याची खूण आहे. दिवसभर चरत राहणं वेगळं. रात्री उठून खाणं आणखी वेगळं. त्याचं वर्णन मानसोपचारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच केलं होतं. मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, हेही विचारावंच लागतं.

मनःस्थितीसाठी बहुधा पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी असते. तिच्यातला नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे लोक पेन उचलून थांबतात, हे मी रोज पाहते. दारूसाठी ऑडिट नावाची यादी, जागतिक आरोग्य संघटनेनं तयार केलेले दहा प्रश्न. शिवाय धूम्रपान, झोप, चालू औषधं, पूर्वीचे आघात, घरात पाठीशी कोण आहे.

२०१६ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं होतं. सर्जरीसाठी आलेल्यांपैकी १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना बिंज इटिंग होतं. म्हणजे साधारण दर पाच-सहा माणसांत एक. या सगळ्यांना परत पाठवायचं असतं तर माझं काम दुसऱ्या दिवशी थांबलं असतं. थांबायला लावणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: भ्रम-भास होत असून उपचार सुरू नसणं, चालू व्यसन, आत्महत्येचा विचार ताजा असणं, उपचार न झालेला बुलिमिया (भरमसाट खाऊन मुद्दाम उलटी काढण्यासारखा आजार), किंवा पुढची काळजी समजूही शकत नाही आणि समजून घेणारं जवळ कुणीही नाही. यातही बहुतेकदा उत्तर "आत्ता नको" असं असतं. कायमचा नकार मी अकरा वर्षांत ज्यांना दिला ते हाताच्या बोटांवर मोजता येतील.

सावली, तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. सगळ्या प्रश्नावल्यांत शून्य घेऊन येणाऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटते.

सरळरेष | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचा आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो, कारण ती कुणीतरी मांडायला हवी.

जाड माणसाचं मन दुबळं असणार, त्याला ताबा नसणार, हे जग आधीच गृहीत धरून चालतं. हॉस्पिटलातही. माझ्या बहिणीला या भेटीत पहिल्या पाच मिनिटांत विचारलं गेलं, "इतकं वाढेपर्यंत काय करत होतात?" ती उठून आली आणि दोन वर्षं कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही. त्या दोन वर्षांत तिच्या किडन्यांवर परिणाम झाला. ही तपासणी एक कुंपण होऊन बसते आणि ज्यांना सर्जरीची सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

दुसरं म्हणजे, ऑपरेशनआधी नैराश्य असलेल्यांचं वजन नंतर कमी उतरतं असा ठोस पुरावा आहे का? मी जेवढं वाचलं त्यात निष्कर्ष उलटसुलट आहेत. मग कशाच्या जोरावर कुणाला थांबवायचं?

मध्यमा | मंगळवार, रात्री ११:१०

सरळरेष, तुमच्या बहिणीला विचारलेला तो प्रश्न अक्षम्य आहे. त्याला तपासणी म्हणत नाहीत. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते की समोरच्या माणसानं तोच प्रश्न आयुष्यभर ऐकलेला आहे, तुमच्या तोंडून त्याला तो पुन्हा ऐकू येता कामा नये. खोलीतली खुर्ची हातांची आणि अरुंद असेल तर माणूस बसायच्या आधीच अपमानित होतो. इतक्या बारीक गोष्टी आहेत या.

पुराव्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. ऑपरेशनआधीच्या निदानावरून पुढे वजन किती उतरेल हे सांगता येत नाही. आधी बिंज इटिंग असलेल्यांचंही वजन चांगलं उतरतं. ज्याचा संबंध जास्त सातत्यानं दिसतो ते म्हणजे ऑपरेशन*नंतर* खाण्यावरचा ताबा सुटणं. आणि नंतर ते कुणाला होईल, याची चाहूल आधीच्या बोलण्यात बऱ्याचदा लागते. म्हणून मी अहवालात "योग्य/अयोग्य" एवढंच लिहून सोडत नाही. कुणाला तिसऱ्या महिन्यात बोलवायचं, कुणाची औषधं तपासायची, कुणाच्या घरच्यांशी बोलायचं, हे लिहिते.

वजनापलीकडचंही एक आहे, आणि ते मी जरा जपून लिहिते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये सर्जरी झालेल्या ८,८१५ जणांची तीन वर्षं आधीची आणि तीन वर्षं नंतरची नोंद तपासली गेली. स्वतःला इजा केल्यामुळे आपत्कालीन विभागात यावं लागण्याचं प्रमाण नंतर सुमारे दीडपट झालं होतं. हे थोड्याच लोकांच्या बाबतीत घडलं, आणि त्यातल्या बहुतेकांना मानसिक त्रास आधीपासून होता. बहुसंख्य रुग्णांची मनःस्थिती पहिल्या एक-दोन वर्षांत सुधारते. पण ज्यांच्या बाबतीत धोका आहे ते आधी ओळखीचे असतील तर पुढे त्यांचा फोन मी पहिल्या घंटीला उचलते. असे विचार इथे वाचणाऱ्या कुणाच्या मनात येत असतील तर कृपया आजच जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला. सर्जरीच्या तारखेशी त्याचा काही संबंध लावू नका.

गुडघ्याबद्दल: अवयवदान करणारे, अवयव घेणारे, दुखण्यासाठी पाठीच्या कण्यात यंत्र बसवून घेणारे, यांचीही अशी भेट होते. ऑपरेशननंतर ज्यांचं रोजचं जगणंच बदलतं, तिथे तिथे ती आहे.

सरळरेष | मंगळवार, रात्री ११:३२

पटलं. बहिणीला हा धागा पाठवतो आहे.

देवदार | बुधवार, सकाळी ८:२०

माझ्या बायकोची सर्जरी याच भेटीनंतर चार महिने पुढे ढकलली गेली. तीव्र नैराश्य असं निदान आलं. मी इतका संतापलो होतो की हॉस्पिटल बदलायला निघालो होतो. ती मात्र घरी येताना गाडीत शांत होती. म्हणाली, "सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की सकाळी उठावंसं वाटतं का."

सात वर्षं तिच्या शेजारी झोपणारा मी. मी कधी विचारलं नव्हतं. वजन कमी झालं की ती आनंदी होईल, एवढाच माझा हिशेब होता.

औषध सुरू झालं, दर आठवड्याला समुपदेशन. चार महिन्यांनी सर्जरी झाली. वजन चांगलं उतरलं आहे. पण मी इथे लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. दुसऱ्या भेटीला मलाही आत बोलावलं होतं आणि विचारलं होतं, "ती बदलली तर तुम्हाला चालेल का?" मी लगेच हो म्हटलं. ते सोपं नव्हतं. ती एकटी प्रवासाला जायला लागली, घरात ठामपणे नाही म्हणायला लागली. मला आतून असुरक्षित वाटायचं आणि त्याची लाज वाटायची. तो प्रश्न आधी विचारला गेला होता म्हणून निदान नाव तरी देता आलं त्याला.

मध्यमा | बुधवार, सकाळी ९:४५

देवदार, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. स्वीडनमध्ये सर्जरी झालेल्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष आले त्यात हेच दिसलं: जोडप्यांमध्ये वेगळं होण्याचं प्रमाण वाढलं आणि एकट्या असलेल्यांमध्ये नवीन नाती जुळण्याचंही. जोडीदाराला आत बोलावतो ते याचसाठी.

ओंजळ | बुधवार, दुपारी १:००

माझ्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाचं उत्साही तर कधी टोकाचं उदास होण्याचा आजार. पाच वर्षं लिथियम या औषधावर अगदी व्यवस्थित आहे, नोकरी करतो. पण एका ठिकाणी बायपोलर शब्द ऐकताच फाइल बंद केली. हे बरोबर आहे का?

मध्यमा | बुधवार, दुपारी २:२०

आजार आटोक्यात असेल, उपचार चालू असतील आणि मानसोपचारतज्ज्ञ सोबत असतील तर फक्त नाव ऐकून फाइल बंद करणं बरोबर नाही. दुसऱ्या टीमचं मत जरूर घ्या.

मात्र लिथियमची गोष्ट नाजूक आहे. ऑपरेशननंतर पाणी कमी जातं, खाणं एकदम घटतं, आणि पूर्वीच्याच डोसला रक्तातली पातळी धोकादायक चढू शकते. म्हणून सर्जरीच्या आधीपासून मानसोपचारतज्ज्ञांनी योजना आखायची आणि नंतरचे काही आठवडे रक्ततपासणी वारंवार करायची. उलट, नैराश्याच्या काही गोळ्या बायपासनंतर कमी शोषल्या जातात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचा भरवसा तर नसतोच. त्या साध्या किंवा पातळ स्वरूपात बदलून घ्याव्या लागतात. बायपास झालेल्या कुणाला महिन्या-दोन महिन्यांत जुनं नैराश्य परत आल्यासारखं वाटलं तर तुमचं मन कमी पडलं असं समजू नका, आधी औषधाची पातळी तपासा. मी कळकळीनं सांगते, कारण लोक मुकाट्यानं सोसत राहतात.

अजून एक जोडून. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील आणि माणूस गोंधळल्यासारखं बोलत असेल, तोल जात असेल, नजर विचित्र होत असेल तर ते मनाचं दुखणं समजू नका. बी१ म्हणजे थायमिनची तीव्र कमतरता असू शकते. थेट हॉस्पिटलमध्ये जा, त्याच दिवशी.

पाऊलवाट | बुधवार, रात्री १०:०५

माझी बाजू दारूची आहे. नाव न सांगता लिहिता येतं म्हणून लिहितोय.

बायपासआधी शनिवारी दोन पेग, एवढंच. भेटीत तेच सांगितलं आणि ते खरंही होतं. त्यांनी सांगितलं होतं की नंतर दारू वेगळ्या पद्धतीनं चढेल, पहिलं वर्ष तर अजिबात नको. मला ते पथ्याच्या लांबलचक यादीतलं एक वाक्य वाटलं.

दुसऱ्या वर्षी एका कार्यक्रमात अर्धा ग्लास घेतला आणि दहा मिनिटांत पाय हलके झाले. पूर्वी तीन पेगनंतर जे वाटायचं ते. आणि ते आवडलं. आधी संध्याकाळी खाणं माझा आधार होतं, तो आधार काढून घेतला गेला होता आणि त्याच्या जागी हे येऊन बसलं. आठ महिन्यांत रोजचं झालं.

आता चौदा महिने शुद्धीत आहे. नंतर वाचलं की अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात १,९४५ रुग्णांची पाहणी झाली होती. सर्जरीआधी ७.६ टक्क्यांना दारूचा विकार होता, पहिल्या वर्षी ७.३, आणि दुसऱ्या वर्षी ९.६. म्हणजे पहिलं वर्ष सगळं ठीक वाटतं. मी त्याच ठीक वाटण्याला फसलो. बायपास झालेल्यांमध्ये धोका जास्त होता असंही त्यात आहे. चिमणपाखरू, सावली, तुम्हाला कुणी दारूबद्दल विचारलं तर "आम्ही घेत नाही" म्हणून विषय संपवू नका. घरातल्या कुणाला सवय होती का, तेही सांगा. माझ्या वडिलांना होती. मला विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

दिवेलागण | बुधवार, रात्री १०:४०

पाऊलवाट, चौदा महिने ही मोठी गोष्ट आहे. तुमच्यासाठी मनापासून आनंद झाला.

चिमणपाखरू | गुरुवार, पहाटे ५:१५

झोप लागली नाही म्हणून विचारते. पूर्वीचे आघात विचारतात असं मध्यमाताईंनी लिहिलंय. ते सांगावंच लागतं का? वजनाशी त्याचा काय संबंध?

मध्यमा | गुरुवार, सकाळी ७:५०

चिमणपाखरू, आधी हे: तपशील सांगायची सक्ती कुणीही करू शकत नाही. "लहानपणी काही घडलं होतं, आज त्याबद्दल बोलायचं नाही" एवढं म्हटलंत तरी पुरे. चांगला मानसशास्त्रज्ञ तिथे थांबतो.

संबंधाबद्दल एक सांगते. १९८० च्या दशकात व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर सॅन डिएगोमध्ये वजन कमी करण्याचं केंद्र चालवत होते. त्यांना कोडं पडलं होतं की भरपूर वजन उतरलेली माणसंच मध्येच उपचार सोडून का जातात. त्यांनी एकेकाशी बोलायला सुरुवात केली, आणि कितीतरी जणांच्या लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं. काहींसाठी वजन हे संरक्षण होतं. ते उतरलं, लोकांच्या नजरा बदलल्या, आणि आतली जुनी भीती जागी झाली. यातूनच पुढे डॉक्टर रॉबर्ट अँडा यांच्यासोबत १७,००० हून अधिक लोकांचा अभ्यास झाला आणि त्याचा पहिला निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणीचे आघात आणि मोठेपणीचे आजार यांच्याकडे पाहायची डॉक्टरांची दृष्टी त्यानं बदलली.

असं काही घडलेल्या माणसाला सर्जरी नाकारली जात नाही. पण कपडे सैल व्हायला लागतील आणि अनोळखी माणसं वळून पाहायला लागतील, तेव्हा सोबत कुणीतरी असावं म्हणून विचारतो.

चिमणपाखरू | गुरुवार, सकाळी ८:०२

कळलं. धन्यवाद ताई.

सावली_७ | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:३०

उशीर झाला, पण सगळं नीट लिहायचं होतं.

भेट झाली. पावणेदोन तास. खुर्ची मोठी होती, आत शिरताच मध्यमाताईंची आठवण झाली. प्रश्नावल्या भरून झाल्यावर त्यांनी खरंच तेच विचारलं, ऑपरेशन तुमच्या शब्दांत सांगा. मी इथे वाचलेलं सगळं सांगितलं आणि त्या हसल्या.

मग मी स्वतःहून सांगितलं. जे तीन आठवड्यांपूर्वी इथे लिहू शकले नव्हते ते आता लिहिते. मी रात्री उठून खाते. सहा वर्षं झाली. दोन-तीनच्या सुमाराला जाग येते आणि काही खाल्ल्याशिवाय झोप येणारच नाही अशी खात्री वाटते. अंधारात, दिवा न लावता, उभ्यानं खाते. रिकामी पाकिटं पर्समध्ये घालून सकाळी बाहेर नेऊन टाकते. सकाळी भूक नसते, दुपारपर्यंत जवळजवळ काही खात नाही, आणि सगळ्यांना वाटतं, ही तर किती कमी खाते.

मला वाटलं होतं त्या चमकतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "सकाळी ते खाल्लेलं आठवतं का?" मी म्हटलं, अगदी स्पष्ट. त्यांनी समजावलं की हे विचारणं गरजेचं असतं, कारण झोपेच्या काही गोळ्यांमुळे माणसं झोपेतच खातात आणि त्यांना काहीही आठवत नाही. तो प्रकार वेगळा, उपाय वेगळा. माझं जे आहे त्याला नाव आहे, नाइट इटिंग सिंड्रोम. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा रात्री उठून खाणं, किंवा दिवसाच्या एकूण खाण्यातला पाव किंवा त्याहून मोठा वाटा रात्रीच्या जेवणानंतर जाणं. सहा वर्षं मी त्याला माझी हाव म्हणत होते.

सर्जरी रद्द झालेली नाही. दहा आठवडे पुढे गेली आहे. तोवर सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी खायचंच, भूक असो नसो. रात्री जाग आली तर वेळ आणि त्या क्षणी मनात काय होतं ते वहीत लिहायचं. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायचं. झोपेच्या डॉक्टरांनाही त्या पत्र देणार आहेत, कारण मशीनचा मुखवटा काढून मी उठत होते हे त्यांनाही माहीत नव्हतं.

आणि नवऱ्याला सांगितलं. त्याच रात्री. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की पाकिटं त्याला दोनदा सापडली होती, पण मला वाईट वाटेल म्हणून तो गप्प राहिला.

दिवेलागण | शनिवार, संध्याकाळी ५:१०

सावली, वाचताना डोळे भरून आले. हे तू ऑपरेशनच्या आधी सांगितलंस.

मध्यमा | शनिवार, संध्याकाळी ६:४०

वहीत न उठलेल्या रात्रीही लिहा. त्या बहुतेक जणी लिहायच्या विसरतात.

चिमणपाखरू | शनिवार, रात्री ९:२५

माझी भेट पुढच्या गुरुवारी, सकाळी अकराला. बोलायला गेले की मला शब्द फुटत नाहीत, म्हणून एका कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. कागद नुसता हातात दिला तर चालतो ना?

सावली_७ | शनिवार, रात्री ९:३१

चालतो. मीसुद्धा तेच केलं. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि मला विचारूनच फाइलमध्ये ठेवला.